भार कमरेवर की खांद्यावर?

परकराची नाडी बांधताना आपण किती जोर लावतो, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? बहुधा नसेल. सकाळच्या गडबडीत असला विचार करायला सवड कुणाला! एकीकडे गॅसवर दूध, दुसरीकडे मुलांचे डबे, नळाचं पाणी जाण्याची वेळ, आणि साडी तर दिवसभर सुटता कामा नये. मग श्वास आत ओढायचा, नाडी करकचून आवळायची, दोन गाठी मारायच्या आणि कामाला लागायचं. वर्षानुवर्षं हाच क्रम. कमरेभोवती काळसर पट्टा उमटतो, उन्हाळ्यात तिथे घामोळं येतं, खाज सुटते. पण आईच्या कमरेवर हा वळ होता, आजीच्याही होता. बाईच्या जातीला तो असायचाच, असं आपण धरून चालतो.

आज मला तुमच्याशी या नाडीविषयी बोलायचं आहे, आणि तिच्यावर तोड म्हणून कुणी तरी फार पूर्वी शोधून ठेवलेल्या एका युक्तीविषयीही. ती युक्ती म्हणजे खांद्यावरचे पट्टे. पुरुषांच्या विजारीला असत ना, ते गॅलिस! तुम्ही म्हणाल, "गॅलिस आणि बायकांना? हे काय नवीनच?" थांबा, घाई करू नका. ते मुळीच नवीन नाही.

जुनंच, पण नव्याने

हल्ली कॉलेजातल्या मुली मोबाईलवर कपड्यांची चित्रं पाहत असतात. तुम्हीही एकदा त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहा. भरपूर घेराचा, तळाशी भरतकाम किंवा रंगीत काठ असलेला स्कर्ट. त्याला कमरेपासून निघून खांद्यावरून पाठीवर जाणारे दोन पट्टे. आत साधा पांढरा ब्लाऊज. ही म्हणे "विंटेज" फॅशन. म्हणजे १९४० च्या सुमारास तिकडच्या बायका जे घालत, त्याची आज पुन्हा आलेली हौस. स्कर्टचा घाट मात्र त्याहूनही जुना, कुठल्या ना कुठल्या देशातल्या खेडुत बायकांच्या घागऱ्यावरून उचललेला.

मी एका शाळेत काही तास शिकवायला जाते. तिथे हे चित्र मला रोजच दिसतं! निळा स्कर्ट, त्याला दोन पट्टे, पाठीवर त्यांची फुली, आणि खांद्यावरून घसरणारा पट्टा एका हाताने वर सारत दुसऱ्या हाताने फळ्यावरचं उतरवून घेणाऱ्या मुली. तुम्ही-आम्ही याच पट्ट्यांत वाढलो. आपल्या सोलापुरात तर शाळेचे गणवेश शिवण्याचा मोठा उद्योग आहे. २०१७ पासून तिथल्या कारखानदारांनी गणवेशांची प्रदर्शनंही भरवली. तेव्हा ज्या पट्ट्यांना परदेशी फॅशन म्हणून मुली नावाजतात, ते आपल्या जिल्ह्यात ढिगाने शिवले जातात. फरक एवढाच, की शाळा सुटली की आपण ते पट्टे उतरवतो आणि आयुष्यभरासाठी नाडी बांधतो.

परकर बाहेरचा आणि आतला

"परकर" या शब्दाची एक गंमत पाहा. लहान मुलीचं परकर-पोलकं म्हणजे थाटाचा पोशाख. खणाचं पोलकं, काठाचा परकर, सणासुदीला ती घालून मुलगी अंगणात गिरकी घेई आणि घेर फुलला की खूश होई. मुलगी मोठी झाली की तोच परकर साडीच्या आत गेला! नाव तेच, पण आता तो कुणाला दिसता कामा नये. पूर्वी हा बदल फारच लवकर होई. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय किमान चौदा ठरवलं. त्याच्या आधी तर नऊ-दहा वर्षांच्या मुली परकर सोडून लुगड्यात शिरत, आणि बाकीचं आयुष्य त्या लुगड्याची गाठ सांभाळण्यात जाई.

नऊवारीच्या आत परकर नसे. निऱ्या, कासोटा आणि कमरेची घट्ट गाठ यांवरच सगळं लुगडं पेललेलं. पाचवारी गोल साडी आली आणि तिच्याबरोबर आतला परकरही आला. सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले हिंदी आय.सी.एस. अधिकारी. त्यांची नेमणूक आपल्या मुंबई इलाख्यात झाली होती. १८६० च्या दशकात त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी इकडे आल्या, पारशी बायकांची साडी नेसण्याची पद्धत त्यांनी पाहिली आणि ब्लाऊज-परकरासह ती बंगालमध्ये रूढ केली. आज देशभर चालणाऱ्या साडीच्या नेसणीत त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे आपण जिला सनातन समजतो ती परकर-साडी दीड-पावणेदोनशे वर्षांपलीकडची नव्हे.

खणाचंही तसंच. खण मुळात विणला जातो कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्ड इथे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांचं आवडतं इरकल लुगडंही त्याच जिल्ह्यातल्या इलकलचं. अरुंद पन्ह्याचं, दोन्ही बाजूंना काठ असलेलं कापड, आणि एका चोळीपुरता तुकडा म्हणजे एक खण. ओटीत घालायचा तोच. गेल्या काही वर्षांत या खणाने पुन्हा उचल खाल्ली आहे. खणाच्या साड्या, पिशव्या, फ्रॉक, मुलांच्या टोप्यासुद्धा! यातलं बरंचसं कापड आता यंत्रमागावरचं आणि कृत्रिम धाग्याचं असतं, हे घेताना ध्यानात ठेवा. हातमागाचा सुती-रेशमी खण अंगाला सुखाचा वाटतो. कृत्रिम धाग्याचा मात्र आपल्या माळशिरसच्या उन्हाळ्यात अंगाला चिकटतो.

घागऱ्याचं आणखी एक घराणं आपल्या शेजारीच आहे. सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यासारख्या बंजारा वस्त्यांतल्या म्हाताऱ्या बायकांचा पोशाख तुम्ही पाहिला असेल. भरपूर घेराचा फेटिया, आरशांची आणि कवड्यांची कांचळी, वर ओढणी. टाक्यांनी, आरशांनी, नाण्यांनी तो पोशाख चांगलाच जड होतो. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण एवढा जड घागरा अडकवायचा कुठे? कमरेलाच. तिथेही नाडीच.

पट्ट्यांची कुळकथा

आता इतर देशांतल्या बायकांनी काय केलं ते पाहा. रशियातल्या शेतकरी बायकांचा "साराफान" म्हणजे लांब, खाली रुंद होत जाणारा झगा. आत लांब बाह्यांचा सदरा, आणि झगा टांगलेला खांद्यावरच्या पट्ट्यांवर. कमरेला आवळायचं कारणच नाही! ऑस्ट्रिया आणि बव्हेरियाच्या डोंगराळ भागातला "डिर्ण्डल" हाही असाच. स्कर्ट बिनबाह्यांच्या चोळीला जोडलेला, म्हणजे त्याचं ओझं पुन्हा खांद्यावर. मुळात तो मोलकरणींचा आणि शेतावर राबणाऱ्या बायकांचा पोशाख. गेल्या शतकाच्या आधीपासून शहरातल्या श्रीमंत बायका उन्हाळ्याच्या सुटीत हौसेने तो घालू लागल्या. १९६५ चा "साउंड ऑफ म्युझिक" आठवतो का? आपल्याकडच्या "परिचय" सिनेमाची (१९७२) गोष्ट बरीचशी तशीच. त्यातली मारिया खिडकीच्या पडद्यांचे कपडे मुलांना शिवून देते. तिच्या अंगावर हाच घाट आहे.

या साध्या पोशाखाने वाईट दिवसही पाहिले. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि साल्झबुर्गमध्ये ज्यू लोकांना हा लोकपोशाख घालायला बंदी झाली. काल जो सगळ्यांचा होता तो आज काहींचाच ठरला. कुणी काय घालायचं हे दुसऱ्याने ठरवण्याची हौस फक्त आपल्याच गल्लीत असते असं नाही!

पुरुषांच्या गॅलिसचा इतिहास त्या मानाने सोपा. लंडनमध्ये आल्बर्ट थर्स्टन यांनी १८२० मध्ये ते विकायला सुरुवात केली. अमेरिकेचे विनोदी लेखक मार्क ट्वेन, जे १८९६ मध्ये मुंबईलाही येऊन गेले, त्यांनी १८७१ मध्ये कपड्यांना लावायच्या, काढता-घालता येणाऱ्या आणि कमी-जास्त करता येणाऱ्या पट्टीचं पेटंट घेतलं होतं. गॅलिसच्या कटकटीतून सुटका व्हावी म्हणूनच त्यांचा तो खटाटोप. ती पट्टी पुरुषांच्या कपड्यांत काही फारशी रुजली नाही. तसल्याच प्रकारची हूक लावलेली पट्टी आज बायकांच्या ब्रेसियरला मात्र पाठीमागे असते. लेखकाने केलेला सगळ्यात उपयोगी शोध कोणता, असं कुणी विचारलं तर सांगायला हरकत नाही!

पण माझ्या मते या गोष्टीतल्या खऱ्या नायिका वेगळ्याच आहेत. १८७४ मध्ये अमेरिकेत बोस्टन शहरी बायकांच्या कपड्यांविषयी काही व्याख्यानं झाली. देणाऱ्यांत चार स्त्री-डॉक्टर होत्या. त्या काळच्या मडमा कमरेला कातडी पट्ट्यासारखा कॉर्सेट आवळत आणि वर एकावर एक परकर बांधत. या डॉक्टरणींनी सांगितलं, की हा सगळा भार कमरेवर आणि पोटावर टाकू नका, तो खांद्यावर घ्या. स्कर्ट पट्ट्यांवर टांगा, किंवा वरच्या कपड्याला बटणांनी जोडा. पुढे १८८१ मध्ये लंडनमध्ये लेडी हार्बर्टन यांनी समंजस पोशाखाचा पुरस्कार करणारी एक संस्थाच काढली. आतल्या कपड्यांचं वजन सात पौंडांहून, म्हणजे सुमारे तीन किलोंहून जास्त असू नये, असा त्यांचा आग्रह होता. सात पौंड हा सवलतीचा आकडा, तर आधी किती असेल त्याचा तुम्हीच अंदाज करा.

आणि याच काळात, १८८३ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, तिकडच्या थंडीत ते कसं निभणार? म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायचं ठरवलं. आज आपल्याला त्यात काहीच वाटत नाही. पण त्या दिवसांत कपड्याची एक निरी इकडची तिकडे केली तरी गावभर चर्चा होई. जिने समुद्र ओलांडला तिलाही कपड्याचा विचार चुकला नाही, आणि तो तिने प्रकृतीकडे पाहून केला, हे मला फार मोलाचं वाटतं.

वळ की जखम?

इथवर गमतीजमती झाल्या. आता जरा गंभीर गोष्ट. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका.

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आपल्याकडच्या कर्करोग-संशोधनातलं फार मोठं नाव. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. धोतर वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट बांधल्याने काही लोकांना त्या जागी त्वचेचा कर्करोग होतो, असं त्यांना आढळलं होतं. त्याला "धोतर कॅन्सर" असं नाव पडलं. पुढे डॉक्टरांना साडी नेसणाऱ्या बायकांतही तेच दिसू लागलं आणि "साडी कॅन्सर" हा शब्द आला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची हकिकत दिली. एक सत्तर वर्षांची. तिच्या कमरेच्या उजव्या बाजूला अठरा महिने न भरणारी जखम होती. साडीच्या आत ती परकराची नाडी घट्ट बांधत असे. दुसरी साठी उलटलेली. तिच्या कमरेवर दोन वर्षं जखम होती, आणि ती चाळीस वर्षं रोज लुगडं नेसत होती. आत परकर नाही, गाठ थेट अंगावर. दोघींच्याही जखमेचा तुकडा तपासल्यावर कर्करोग निघाला. दुसरीच्या बाबतीत तर तो जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

हे होतं कसं? नाडी बारीक असते, त्यामुळे सगळा दाब एका रेषेवर येतो. नाडी रोज त्याच जागी घासते. त्यात घाम, धूळ आणि उन्हाळा. आधी त्वचा काळी पडते किंवा पांढरट होते, मग सालपटं निघतात, मग बारीकशी जखम. ती भरते न भरते तोच दुसऱ्या दिवशी पुन्हा नाडी. वर्षानुवर्षं चिघळणाऱ्या जखमेत पुढे कर्करोग होऊ शकतो. डॉक्टर तिला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. भाजल्याच्या जुन्या व्रणातही असं होतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. हा रोग दुर्मीळ आहे. कमरेवर वळ असणाऱ्या प्रत्येकीला तो होत नाही, आणि साडी हा काही गुन्हेगार नाही. पण जो त्रास नाडी दोन बोटं सैल केल्याने टळण्यासारखा आहे, तो सोसत कशासाठी राहायचं?

मग करायचं काय?

सोप्यापासून सुरुवात करू.

नाडी रुंद घ्या. दोरीसारखी गोल नाडी सर्वांत वाईट. तिच्याऐवजी परकराच्याच कापडाची बोटभर रुंद, चपटी नाडी करा. जुन्या परकरातून दहा मिनिटांत होते.

नेफ्याऐवजी पट्टी लावा. शिंप्याला सांगा, परकराला वरून तीन-साडेतीन इंच रुंदीची दुहेरी कापडाची कमरपट्टी लाव आणि बाजूला दोन हूक किंवा बटणं दे. निऱ्या खोचायला पट्टी उत्तम धरते, आणि दाब एका रेषेऐवजी तीन इंचांवर पसरतो. मोठ्या घेराच्या जड साडीलाही ती पुरते.

गाठीची जागा बदला. आज उजवीकडे तर उद्या डावीकडे. नाडीही एक दिवस बेंबीच्या वर, एक दिवस जरा खाली. एकाच जागेला रोज शिक्षा नको.

घरी असताना सैल राहा. दुपारी तासभर तरी कमरेला मोकळीक द्या. आंघोळीनंतर ती जागा नीट कोरडी करा आणि मगच परकर बांधा. ओल्या अंगावर नाडी आवळू नका.

कमरेवर जखम असेल तर ती भरेपर्यंत तिथे काहीही बांधू नका. घरात गाऊन घाला. दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, कडा जाड झाल्या, पाणी किंवा रक्त येऊ लागलं, तर हळद आणि मलमावर वेळ काढू नका. डॉक्टरांना दाखवा.

आणि यापुढची पायरी म्हणजे ते पट्टे.

पट्टेदार परकर शिवू या

हा घरात, अंगणात, प्रवासात आणि हौस असेल तर बाहेरही घालण्याजोगा परकर आहे. वर नेहमीचा ब्लाऊज किंवा सैल पोलकं. खाली दिलेलं माप ३४ इंच कमर आणि ३६ इंच लांबी धरून आहे. तुमच्या अंगाप्रमाणे कमी-जास्त करा.

कापड : ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड अडीच मीटर. आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. नाही तर पहिल्या धुण्यात परकर घोट्याच्या वर जाईल.

बेतणी : चाळीस इंच लांबीचे, पूर्ण पन्ह्याचे दोन तुकडे कापा. (३६ इंच लांबी, तीन इंच तळाची दुमड, एक इंच शिलाई.) उरलेल्या कापडातून पन्ह्याच्या दिशेने कमरपट्टीसाठी सहा इंच रुंद, ३८ इंच लांब एक तुकडा, आणि खांद्याच्या पट्ट्यांसाठी पाच इंच रुंद, ४० इंच लांब असे दोन तुकडे काढा. अडीच मीटरमध्ये हे सगळं बसतं आणि खिशापुरती कात्रणंही उरतात. खिसा जरूर लावा! रुमाल, किल्ली, सुटे पैसे... पदराच्या गाठीची गरज उरत नाही.

शिवण : दोन्ही तुकडे बाजूंनी जोडा. एका बाजूला वरचे सात इंच उघडं ठेवा. वरच्या कडेला चुण्या घालून घेर कमरेच्या मापाला आणा. कमरपट्टी दुहेरी दुमडून लावा, तयार रुंदी अडीच इंच होईल. ती कमरेला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. उघड्या बाजूला दोन बटणं.

पट्टे : लांबीत दुमडून, शिवून, उलटवून घ्या. तयार रुंदी दोन इंच. यापेक्षा बारीक केलेत तर कमरेचा वळ खांद्यावर जाईल एवढंच! मागच्या बाजूने पट्टे कमरपट्टीला पक्के शिवा, मणक्यापासून दोन्हीकडे तीन-तीन इंचांवर. पाठीवर त्यांची फुली होते तिथे चौकोनी टीप मारा. शाळकरी मुलींचे पट्टे घसरतात, कारण ही टीप नसते किंवा फुली फार खाली असते. ती पाठीच्या वरच्या भागात, खांद्याच्या हाडांच्या मधोमध यायला हवी. पुढच्या टोकाला प्रत्येकी तीन काजं दोन-दोन इंचांच्या अंतराने करा, आणि बटण कमरपट्टीच्या आतल्या बाजूने लावा. दिवस गेले, वजन कमी-जास्त झालं, तरी पट्टा लहान-मोठा करता येतो.

हौस : पट्टे आणि तळाची किनार खणाची करा. खणाचा पन्हा अरुंद, त्यामुळे पूर्ण घेर त्याचा करायला कापड बरंच लागतं आणि खर्चही होतो. पट्ट्यांना मात्र थोडकं पुरतं. घरातलं जुनं इरकल लुगडं मधून विरलं असेल तर त्याचे काठ शाबूत असतात. ते काढून तळाला लावा. आजीचं लुगडं नातीच्या घेरात आलं, याहून चांगली फॅशन कुठल्या पुस्तकात सापडणार?

हीच युक्ती साडीच्या आतल्या परकरालाही चालते. तिथे पट्टे एक इंची, पातळ मलमलीचे करा आणि ब्लाऊजच्या आतून घ्या. निऱ्या खोचण्यापुरती पट्टी अंगालगत हवीच, पण परकर वर धरून ठेवण्याचं काम खांद्यांकडे गेल्याने ती आवळावी लागत नाही.

"लोक काय म्हणतील?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊकच होतं! तालुक्याच्या गावात लग्न झालेल्या बाईने परकर-पोलकं घालायचं? तेही पट्ट्यांचं?

आता जरा आपल्याच गल्लीत नजर टाका. गाऊन आला तेव्हा तो फक्त निजायच्या खोलीत होता. मग स्वयंपाकघरात आला. मग दारात, रांगोळीपर्यंत. आज त्यावर एक ओढणी टाकली की बायका गाऊनवर भाजी घेतात, दळण आणतात, मुलांना शाळेच्या रिक्षात बसवतात. कुणी ठराव केला नाही, कुणी परवानगी दिली नाही. सोय होती, म्हणून तो चालत चालत बाहेर आला. पंजाबी ड्रेसचंही तसंच. पूर्वी ज्या सासूबाई नाक मुरडत, त्याच आता म्हणतात, "गाडीवर बसायचंय ना? मग ड्रेसच घाल."

पट्टेदार परकर तर गाऊनपेक्षा जास्त अंग झाकतो, अंगाबरोबर राहतो, वाकता-बसताना उडत नाही. तेव्हा प्रश्न सभ्यतेचा नाही, सवयीचा आहे. आणि सवय कशी लागते, ते गाऊनने आपल्याला शिकवलंच आहे. आधी घरात घाला. नवरा हसला तर हसू दे. त्याच्या आजोबांच्या विजारीला गॅलिस होते, ते त्याला आठवण करून द्या!

साडी सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. मला स्वतःला साडी आवडते. हळदीकुंकवाला मी साडीच नेसणार. नेसण्याची पद्धत प्रत्येकीची, कापड प्रत्येकीच्या आवडीचं. फक्त दिवसभर कमरेत रुतणारी दोरी म्हणजे आपली संस्कृती नव्हे, एवढंच माझं म्हणणं.

आजींना विचारा

शेवटी एक विनंती, आणि तीच या लेखातली सगळ्यात महत्त्वाची.

तुम्ही-मी अजून तरुण आहोत. नाडी सैल करू, पट्टे लावू, आपलं निभेल. पण घरात सासूबाई असतील, माहेरी आई असेल, शेजारी एखादी आजी असेल. जिने चाळीस-पन्नास वर्षं लुगड्याची गाठ एकाच जागी मारली आहे. तिला जखम असली तरी ती सांगणार नाही. गुडघा दुखला तर सांगेल, दात दुखला तर सांगेल. कमरेची जागा कोण दाखवणार? त्यातून डॉक्टर पुरुष असला तर विचारायलाच नको. ती चिंधी ठेवील, खोबरेल लावील आणि वर पुन्हा लुगडं आवळील. वर्ध्याच्या डॉक्टरांकडे आलेल्या बायकांनी दीड-दोन वर्षं अशीच काढली असतील.

आषाढात माउलींची पालखी नातेपुत्याहून आपल्या माळशिरसला मुक्कामाला येते. लुगडं नेसलेल्या कितीतरी वारकरी बायका आपल्या ओसरीवर टेकतात. पावसात भिजलेलं लुगडं अंगावरच वाळवत त्या आळंदीपासून चालत आलेल्या असतात. आपण त्यांना चहा देतो, गरम पाणी देतो, त्यांच्या पायांना तेल लावतो. यंदा पायांबरोबर कमरेचीही विचारपूस करा. आडोशाला नेऊन विचारा, "आजी, गाठ रुततीय का? कमरेला कुठं जखम हाय का?" बाईने बाईला विचारलं की ती सांगते. असली तर पालखीबरोबरच्या किंवा गावातल्या दवाखान्यात तिला स्वतः घेऊन जा, बरोबर उभ्या राहा. कोरडं लुगडं द्या, आणि गाठ दोन बोटं वर, सैल बांधायला मदत करा.

आणि घरातल्या आजींसाठी वारीची वाट पाहू नका. आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसा.